जुन्या पीसीचा स्टोरेज सर्व्हर: डिस्क पुन्हा पुन्हा पूलमधून गळते तेव्हा

लक्षणं बहुतेक वेळा सारखीच असतात. ऑफिसातून निघालेल्या जुन्या पीसीत किंवा घरात पडून असलेल्या डेस्कटॉपमध्ये चार-सहा डिस्क बसवून त्यावर ट्रूनॅस, ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा साधं डेबियन अशी एखादी ऑपरेटिंग सिस्टिम टाकलेली असते. पंधरा दिवस सगळं सुरळीत चालतं. मग एके सकाळी पूल (सगळ्या डिस्क मिळून बनलेला साठा) ‘डिग्रेडेड’ आणि एक डिस्क ‘फॉल्टेड’ नाहीतर ‘रिमूव्ह्ड’. रीबूट केलं की डिस्क परत हजर, रिसिल्व्हर (राहिलेला डेटा डिस्कवर भरून काढणं) काही मिनिटांत पूर्ण, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. कधी तीच डिस्क, कधी शेजारची. या टप्प्यावर बरेच जण नवी डिस्क मागवतात आणि महिन्याभरात ती नवी डिस्कही तशीच गळते.

रीबूटनंतर निमूटपणे परत येणारी डिस्क मेलेली असण्याची शक्यता कमी असते. जुन्या सामानातून उभ्या केलेल्या सर्व्हरमध्ये संशयाचा क्रम असा ठेवावा: केबल, वीज, कंट्रोलर कार्ड, वीजबचतीची सेटिंग्ज, आणि सगळ्यात शेवटी डिस्क. खालची सगळी खटपट याच क्रमाने आहे. एक पथ्य मात्र कडक पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, पोर्ट आणि एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) एकाच रविवारी बदलले तर त्रास थांबेलही, पण गुन्हेगार कोण होता ते कळणार नाही, आणि तीच केबल सहा महिन्यांनी ड्रॉवरमधून निघून दुसऱ्या डिस्कला लागेल.

आधी, काय करू नये

डिस्क गळली की लगेच ‘रिप्लेस’ दाबू नका. झेडएफएसमध्ये (ट्रूनॅस वापरतं ती फाइल सिस्टिम) परत आलेल्या डिस्कला ‘झेडपूल ऑनलाइन’ पुरतं. मधल्या काळात जे लिहिलं गेलं तेवढंच ती भरून काढते. ‘रिप्लेस’ केलं तर त्या डिस्कवरचा सगळा डेटा नव्याने लिहिला जातो, म्हणजे आधीच डळमळीत असलेल्या केबलवर आणि एसएमपीएसवर कित्येक तासांचा पूर्ण भार. एकाच डिस्कची पॅरिटी असलेल्या, म्हणजे एकच डिस्क गेलेली सोसणाऱ्या पूलमध्ये त्या भाराखाली दुसरी डिस्क गळली तर पूलच बंद पडतो.

एमडीअ‍ॅडम (लिनक्समध्ये डिस्क एकत्र जोडण्याची सोय) वापरणाऱ्यांनी आधी ‘री-अ‍ॅड’ करून पाहावं. राइट-इंटेंट बिटमॅप (कुठे लेखन झालं याची नोंद) चालू असेल तर काम मिनिटांत होतं. दोन डिस्क एकदम गळून अ‍ॅरे उठत नसेल, तर प्रत्येक डिस्कचा ‘इव्हेंट्स’ आकडा पाहून ‘असेंबल’ला ‘फोर्स’ जोडावा. जुन्या अ‍ॅरेवर ‘क्रिएट’ चालवणं हा शेवटचा उपाय नाही, तो उपायच नाही. डिस्कचा क्रम किंवा चंक साइज जरा चुकला की डेटा गेला.

आणि बॅकअप. पूल डिग्रेडेड असला तरी वाचता येतोय तोवर जे परत मिळणार नाही ते, म्हणजे फोटो आणि कागदपत्रं, एखाद्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. सिनेमे पुन्हा मिळतात.

डिस्क ओळखा

एसडीए, एसडीबी ही नावं प्रत्येक बूटला बदलू शकतात, त्यांच्यावर विसंबलात तर चुकीची डिस्क उपटाल. पूल ‘बाय-आयडी’ नावांनी इम्पोर्ट करा, म्हणजे स्टेटसमध्ये थेट सिरियल नंबर दिसतो. प्रत्येक डिस्कच्या कनेक्टरकडच्या कडेला, बाहेरून वाचता येईल अशी सिरियलच्या शेवटच्या चार अक्षरांची पट्टी चिकटवा. केबलच्या दोन्ही टोकांनाही आकडा द्या. मग एका वहीत तारीख, डिस्क, केबल, पोर्ट आणि वीजवायर अशी नोंद ठेवा. या तीन-चार ओळींच्या वहीने जितके दोष सापडतात तितके कुठल्याही डॅशबोर्डने सापडत नाहीत.

लॉग आणि स्मार्टचे आकडे

गळतीची वेळ धरून कर्नल लॉग पाहा. दोन शब्द शोधायचे. ‘यूएनसी’ दिसलं तर डिस्कला स्वतःच्या प्लॅटरवरचा (आतल्या तबकडीवरचा) सेक्टर वाचता आला नाही, दोष डिस्कचा. ‘आयसीआरसी’ किंवा ‘बॅडसीआरसी’ दिसलं तर डिस्कने डेटा दिला पण वाटेत बिघडला, म्हणजे केबल, कनेक्टर किंवा पोर्ट. ‘हार्ड रीसेटिंग लिंक’च्या ओळी रांगेने येत असतील आणि लिंकचा वेग ६ वरून ३, मग १.५ गिगाबिटवर उतरत असेल, तर कर्नल खराब सिग्नलशी जुळवून घेतोय. यापैकी काहीच नसताना डिस्क एकदम गायब होऊन दहा सेकंदांनी नव्या नावाने उगवत असेल, तर तिची वीज गेली होती असं धरा.

स्मार्ट म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. तिच्यातले मोजके आकडेच महत्त्वाचे. क्रमांक ५ म्हणजे बदलून दिलेले सेक्टर, १९७ म्हणजे निकाल लागायचे बाकी असलेले सेक्टर, १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे. हे तीन शून्य किंवा स्थिर असतील तर प्लॅटर ठीक आहे. १९९ म्हणजे सीआरसीच्या चुका, हा वाटेचा हिशेब. तो कधीच शून्यावर परत येत नाही. त्यामुळे सेकंड हँड डिस्कवर १९९ समोर ३४० दिसले म्हणून घाबरू नका, तो मागच्या मालकाच्या केबलचा इतिहास असू शकतो. आज ३४० आणि पुढच्या रविवारी ३५२ झाले तर मात्र तुमच्याच कॅबिनेटमध्ये काहीतरी चालू आहे. सीगेटच्या डिस्कवर क्रमांक १ आणि ७ समोरचे अवाढव्य आकडे पाहून डिस्क परत करायला धावू नका. ते आकडे वेगळ्या पद्धतीने साठवलेले असतात.

आता या सगळ्यातली सर्वात उपयोगी चाचणी. स्मार्टची ‘लाँग टेस्ट’ डिस्क स्वतःच्या पोटातल्या पोटात करते, डेटा केबलवरून एक बाइटही जात नाही. उलट डीडी या कमांडने अख्खी डिस्क वाचून डेव्ह-नलमध्ये टाकली, म्हणजे वाचलेलं कुठेच न साठवता सोडून दिलं, तर प्रत्येक बाइट केबलमधून येतो. आधी लाँग टेस्ट (४ टीबीच्या डिस्कला सात-नऊ तास लागतात, रात्री लावा), मग १९९चा आकडा टिपून डीडीचं वाचन, मग पुन्हा आकडा. डीडी चालवताना ‘इनपुट’ आणि ‘आउटपुट’ची नावं तीनदा तपासा, उलटी पडली तर डिस्क पुसली जाईल. लाँग टेस्ट पास आणि वाचनानंतर १९९ वाढला, तर डिस्क निर्दोष आहे. लाँग टेस्ट ‘रीड फेल्युअर’वर थांबली, तर बाकीचा लेख सोडा आणि डिस्क बदला.

केबल आणि पोर्ट

संशयित डिस्कची केबल चांगल्या चालणाऱ्या डिस्कच्या केबलशी अदलाबदल करा. पोर्ट तेच ठेवा. आता चुका दुसऱ्या डिस्कवर गेल्या तर केबल कचऱ्यात. हो, कचऱ्यात, ड्रॉवरमध्ये नव्हे. चुका जागच्या जागी राहिल्या तर पुढच्या फेरीला पोर्ट बदला.

साटा केबलची कमाल लांबी १ मीटर. जुन्या पीसीबरोबर आलेल्या, लॉकची पत्री क्लिप नसलेल्या केबल पंख्याच्या कंपनानेही हळूहळू सैल होतात. क्लिपवाल्या, ४०-५० सेंटीमीटरच्या नव्या केबल घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत त्या किरकोळ किमतीत मिळतात आणि सहा केबलींचा खर्च एका डिस्कच्या तुलनेत नगण्य आहे. छान दिसावं म्हणून सगळ्या केबल झिप टायने एका जुडीत आवळू नका. आवळलेल्या समांतर केबलींमध्ये सिग्नल एकमेकांत मिसळतो, आणि ९० अंशात मुडपलेली केबल आतून तुटते.

वीज: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

३.५ इंची डिस्क नुसती फिरत असताना ५ वॅटच्या आसपास खाते, पण सुरू होताना मोटर १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते. सहा डिस्क एकदम उठल्या तर १२ अँपिअर, म्हणजे १४४ वॅट, तेही प्रोसेसर आणि पंखे सोडून. डेल ऑप्टिप्लेक्स किंवा एचपी एलिटडेस्कच्या छोट्या कॅबिनेटमधले एसएमपीएस २००-२४० वॅटच्या घरात असतात आणि ते दोन डिस्कचा हिशेब धरून बनवलेले असतात. अनेक मॉडेलांत डिस्कची वीज एसएमपीएसमधून थेट न येता मदरबोर्डवरच्या छोट्या कनेक्टरमधून येते. तिथे स्प्लिटरवर स्प्लिटर लावून सहा डिस्क टांगल्या तर ताण मदरबोर्डच्या तांब्याच्या रेषांवर पडतो. अशा पीसीत दोन डिस्कवर थांबा, नाहीतर साधं एटीएक्स कॅबिनेट आणि नावाजलेल्या कंपनीचा नवा ४५०-५५० वॅटचा एसएमपीएस घ्या. जुनं सगळं चालेल, एसएमपीएस मात्र नवा घ्यावा. आठ-दहा वर्षं चाललेल्या एसएमपीएसमधले कॅपॅसिटर सुकलेले असतात. तो बाहेरून ठीक दिसतो, मल्टिमीटरवरही ठीक दिसतो आणि डिस्क उठताना मान टाकतो.

स्प्लिटरचा हिशेब सोपा आहे. साटाच्या १५ पिनांच्या वीज कनेक्टरमध्ये प्रत्येक व्होल्टेजला तीन पिना, प्रत्येकीची क्षमता १.५ अँपिअर, म्हणजे १२ व्होल्टवर एकूण ४.५ अँपिअर. एका साटा तोंडातून चार डिस्क काढल्या तर सुरुवातीची मागणी ८ अँपिअर होते. एका साटा तोंडातून दोन, त्यापुढे नाही. चार पिनी मोलेक्सचं तोंड जास्त प्रवाह झेलतं, त्यामुळे स्प्लिटर लागलाच तर मोलेक्सवरून काढलेला घ्या. पण वायरी प्लास्टिकमध्ये ओतून सीलबंद केलेलं कनेक्टर टाळा. त्यात आत वायरी सरकून एकमेकींना टेकतात आणि कनेक्टर अक्षरशः पेटल्याची उदाहरणं आहेत. ज्यात वायर पिनेवर दाबून बसवलेली दिसते आणि मागचं झाकण उघडतं तो प्रकार घ्यावा.

मोजायचं कसं? मोकळ्या मोलेक्स तोंडात मल्टिमीटर लावा: काळी ऋण, पिवळी १२, लाल ५. स्क्रब (पूलमधला सगळा डेटा वाचून तपासणं) चालू असताना १२ची रेषा ११.४ ते १२.६ आणि ५ची ४.७५ ते ५.२५ मध्ये हवी. साधा मल्टिमीटर क्षणिक घसरण पकडत नाही, म्हणून किमान-कमाल नोंदवणारा असेल तर तो वापरा. ११.५ दिसत असेल तर कागदावर ते पास आहे, पण डिस्क उठताना ते खाली जाणारच.

डिस्क झोपवण्याचं सेटिंगही इथेच तपासा. वीस मिनिटांनी डिस्क थांबवायच्या, कोणी फाइल उघडली की चार एकदम उठवायच्या, यात कमकुवत एसएमपीएस रोज दहा वेळा परीक्षेला बसतो. गळती नेहमी ‘बराच वेळ कोणी वापरलं नाही आणि मग उघडलं’ तेव्हाच होत असेल, तर आठवडाभर डिस्क सतत फिरत ठेवा. चार डिस्कचे २० वॅट म्हणजे महिन्याला साडेचौदा युनिट. निदानासाठी हा खर्च परवडतो.

आता इन्व्हर्टर. गळतीच्या वेळा आणि लाइट जाण्याच्या वेळा जुळतात का, हे वहीत पाहा. घरगुती इन्व्हर्टरच्या मागे बहुधा ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असा स्विच असतो. नॉर्मलवर बदल सावकाश होतो. पंखा-ट्यूबलाइटला ते चालतं, कॉम्प्युटरला नाही. चांगला एटीएक्स एसएमपीएस पूर्ण भारावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, म्हातारा त्याहून कमी. कधी पीसी पूर्ण रीसेट होतो, तेव्हा निदान लक्षात तरी येतं. फसवी परिस्थिती ती, ज्यात मदरबोर्ड तग धरतो पण १२ व्होल्ट क्षणभर कोसळून डिस्क पडतात. स्विच यूपीएसवर करा आणि सर्व्हरला स्वतःचा छोटा यूपीएस द्या. जुना यूपीएस असेल तर आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत दम सोडते हे लक्षात ठेवा. यूपीएस यूएसबीने जोडून ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ लावलं की बॅटरी संपण्याआधी सर्व्हर स्वतः नीट बंद होतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर सॉकेटला अर्थिंग नाही. डिस्क गळतीचं ते कारण असो वा नसो, इलेक्ट्रिशियनला आधी बोलवा.

कंट्रोलर कार्ड

मदरबोर्डवर चारच पोर्ट म्हणून लोक एलएसआय ९२११-८आय किंवा त्याच चिपचं सर्व्हरमधून काढलेलं कार्ड घेतात. कार्ड उत्तम आहे, पण ते रॅक सर्व्हरच्या वादळी हवेसाठी बनलेलं आहे. घरच्या शांत कॅबिनेटमध्ये त्याचा हीटसिंक बोट ठेववत नाही इतका तापतो. खूण अशी: स्क्रब सुरू करून तास-दोन तास झाले की त्या कार्डावरच्या कुठल्याही डिस्क गळतात, मदरबोर्डवरच्या कधीच नाही. हीटसिंकवर ४० मिलिमीटरचा पंखा बसवा किंवा ८०चा पंखा झिप टायने समोर टांगा, आणि दहा वर्षांत खडू झालेली थर्मल पेस्ट बदला. फर्मवेअर आयटी मोडचं (डिस्क थेट सिस्टिमला दाखवणारं), आवृत्ती २०.००.०७.०० असावी. २० मालिकेतल्या सुरुवातीच्या आवृत्त्या त्रासदायक होत्या, त्या असतील तर बदला.

स्वस्त साटा कार्डांत फरक करा. एएसएम११६६ किंवा जेएमबी५८५ चिपची कार्डं घरगुती वापराला चालतात. ‘दहा पोर्ट, वीस पोर्ट’ म्हणून विकली जाणारी कार्डं बहुधा मागे पोर्ट मल्टिप्लायर लावून पोर्ट वाढवतात. तिथे एका डिस्कची चूक झाली की लिंक रीसेट होते आणि तिच्यामागच्या सगळ्या डिस्क एकाच सेकंदाला पडतात. लॉगमध्ये चार डिस्क एकाच वेळेला पडलेल्या दिसल्या तर कार्ड किंवा वीजवायर यांपैकी त्या चौघींत समाईक काय आहे ते वहीत पाहा. यूएसबी डॉकमध्ये पूल बांधला असेल तर तो आजच हलवा, निवारण करत बसू नका.

सॉफ्टवेअरमधले दोन चोर

पहिला चोर वीजबचतीचा. बिल कमी व्हावं म्हणून पॉवरटॉपचं ऑटो-ट्यून किंवा टीएलपी लावलेलं असतं, आणि ते साटा लिंकला झोपवतं. काही जुन्या डिस्क त्या झोपेतून वेळेवर उठत नाहीत. ‘लिंक पॉवर मॅनेजमेंट पॉलिसी’ प्रत्येक पोर्टसाठी ‘मॅक्स परफॉर्मन्स’ करा. हे सेटिंग रीबूटला जातं, म्हणून सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये घाला. ‘मिन पॉवर’ तर डेटा असलेल्या डिस्कला लावूच नये.

दुसरा चोर वेळमर्यादेचा. लिनक्स डिस्कच्या उत्तराची ३० सेकंद वाट पाहतं. डेस्कटॉपच्या डिस्कला एखादा अवघड सेक्टर भेटला तर ती मिनिट-दोन मिनिटं एकटीच झुंजते. ३० सेकंदांनी कर्नल लिंक रीसेट करतो आणि एका सेक्टरपायी अख्खी डिस्क बाहेर जाते. नॅससाठीच्या (स्टोरेज सर्व्हरसाठी बनवलेल्या) डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानून चूक कळवतात, मग तो सेक्टर पॅरिटीतून भरला जातो. तुमच्या डिस्कला एससीटी-ईआरसी (अशी लवकर हार मानण्याची सोय) जमत असेल तर स्मार्टसीटीएलने वाचन-लेखन दोन्ही ७०वर ठेवा (एकक दशांश सेकंद, म्हणजे ७ सेकंद). जमत नसेल तर उलट कर्नलची मर्यादा १८० सेकंद करा. दोन्ही सेटिंग्ज बहुतेक वेळा वीज गेल्यावर विसरली जातात, म्हणून तीही स्क्रिप्टमध्ये.

डिस्कची जात

रोजच्या वापरात ठीक आणि रिसिल्व्हरमध्येच गळणारी डिस्क एसएमआर आहे का ते पाहा. अशा डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात, सलग लेखन वाढलं की ती आतली आवराआवर करत बसते आणि उत्तरं थांबतात. डब्ल्यूडी रेडच्या २ ते ६ टीबीच्या ईएफएएक्स मॉडेल एसएमआर असल्याचं एप्रिल २०२०मध्ये उघड झालं. सीगेट बॅराकुडातल्या एसटी४०००डीएम००४ सारख्या मॉडेलही त्याच. यावर सेटिंग नाही. ती डिस्क बॅकअपला वापरा, पूलमध्ये सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढलेली) घाला.

सगळ्याच डिस्कवर चुका असतील तर

झेडपूल स्टेटसमध्ये रीड आणि राइटचे रकाने शून्य, आणि चेकसमचा रकाना सगळ्या डिस्कवर थोडाथोडा वाढतोय? मिररच्या दोन्ही बाजूंना नेमका तोच आकडा? मग डेटा डिस्कवर पोचण्याआधीच बिघडतोय. स्क्रब ताबडतोब थांबवा. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा, किमान चार फेऱ्या. एकही चूक नको, ‘दोनच आल्या’ असं नसतं. दोन कंपन्यांच्या रॅम मिसळल्या असतील तर एकेक काढून तपासा, बायोसमधलं एक्सएमपी (रॅम वाढीव वेगाने चालवणारं सेटिंग) बंद करा. रॅम बदलल्यावर स्टेटसला -व्ही जोडून खराब फाइलींची यादी काढा. त्या बॅकअपमधूनच आणाव्या लागतात.

कोकण, गोवा, मुंबईत हाच प्रकार जुलैत सुरू होऊन ऑक्टोबरात आपोआप थांबत असेल तर संपर्क गंजलेत. पीसी बंद करून प्लग काढा, कार्ड आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्या मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसा, मग ९९ टक्के आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल). साटा कनेक्टर दोन-चारदा काढून घाला. पावसाळ्यात सर्व्हर भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवण्यापेक्षा टेबलावर, आणि बंद-चालू करण्यापेक्षा सतत चालू बरा, आतली ऊब ओल धरू देत नाही. विदर्भात उलटा प्रश्न: मे महिन्यात खोलीच ४०च्या वर असते. स्क्रबचं वेळापत्रक पहाटेवर टाका आणि डिस्क ५० अंशांच्या पुढे जात असेल तर तिच्या समोर १२० मिलिमीटरचा पंखा हवाच.

दुरुस्ती झाली हे कधी म्हणायचं

‘झेडपूल क्लिअर’ने मोजणी शून्य करा, पण दोष सापडल्यावरच. आधी क्लिअर केलं तर पुरावाच पुसला जातो. मग लागोपाठ दोन पूर्ण स्क्रब, डिस्क झोपवणं चालू ठेवणार असाल तर दहा वेळा झोपवून उठवणं, आणि पहिल्या स्क्रबनंतर एकदा मेन स्विच पाडून इन्व्हर्टरवर बदल. या सगळ्यानंतर प्रत्येक डिस्कचा १९९ आधीच्याच आकड्यावर असेल, तर तारीख टाकून वहीत तसं लिहा आणि कॅबिनेटचं झाकण लावा.